प्रीमियर लीगचे खर्चनियम: एका वर्गणीदाराचे परीक्षण

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने पाहण्यासाठी मी दरवर्षी न चुकता वर्गणी भरतो. शनिवारी संध्याकाळी साडेसातला, आणि तिकडची घड्याळे मागे गेली की साडेआठला, आमच्या घरी दुसरे काहीही चालत नाही. चित्र स्वच्छ असते, समालोचन जाणकारांचे असते आणि सामना चुकला तर रात्री उशिरा पुन्हा पाहता येतो, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नाही. पण या पैशांत माणूस चित्रापेक्षा मोठी गोष्ट विकत घेत असतो. सामना सुरू होताना निकाल ठरलेला नाही, आणि ज्याने अधिक चांगला संघ बांधला त्याला वर जाण्याची वाट मोकळी आहे, हा विश्वास तो विकत घेतो. लीग हा विश्वास ज्या नियमांच्या आधारे देते ते म्हणजे क्लबांच्या खर्चावर मर्यादा घालणारे ‘प्रॉफिट अँड सस्टेनेबिलिटी रूल्स’. मी कोल्हापूरचा, म्हणजे शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने पाहत वाढलेला. आणि व्यवसाय हिशेब तपासण्याचा. एव्हर्टन, नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि लेस्टर या क्लबांच्या प्रकरणांतील निकाल लीगने सर्वांसाठी प्रसिद्ध केलेले आहेत. ते वाचल्यानंतर या नियमांना पाचपैकी दोनच गुण द्यावेत असे माझे मत झाले आहे. नियमांमागचा हेतू मला मान्य आहे, म्हणूनच हे दोन गुण इतके कमी का, ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

२०२५-२६ हंगामापर्यंतचा नियम थोडक्यात असा आहे. सलग तीन हंगामांत मिळून क्लबचा तोटा १०.५ कोटी पौंडांपेक्षा अधिक होता कामा नये, आणि त्यापैकी दीड कोटीच्या वरचा सर्व तोटा मालकाने स्वतःचे भांडवल घालून भरून काढला पाहिजे. त्या तीन वर्षांतील एखादा हंगाम क्लब खालच्या विभागात, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, खेळला असेल तर त्या हंगामापुरती मर्यादा ३.५ कोटींवरून १.३ कोटींवर येते. युवा अकादमी, महिला संघ, समाजोपयोगी काम आणि स्टेडियमसारखे स्थावर बांधकाम यांवरचा खर्च या गणितातून वगळला जातो. क्लबांनी २०१३ मध्ये हा नियम स्वीकारला आणि त्यानंतर दहा वर्षे कोणत्याही क्लबचा एकही गुण त्यामुळे कापला गेला नाही.

अशा नियमाची गरज होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २००८ मध्ये एफए कप जिंकणारा पोर्ट्समथ दोनच वर्षांत, फेब्रुवारी २०१० मध्ये, दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना अशी वेळ आलेला तो पहिला क्लब. पुढे तो आणखी घसरत चौथ्या स्तरापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये त्याच्या पाठीराख्यांनी पदरचे पैसे घालून तो विकत घेतला. १८८५ मध्ये स्थापन झालेला बरी तर ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगमधून, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या तीन विभागांतून, थेट काढून टाकला गेला, कारण तो चालवण्यासाठी पैसा आहे हे मालकाला दाखवता आले नाही. मालक येतो आणि जातो. गाव, मैदान आणि तीन पिढ्यांचे पाठीराखे मात्र तिथेच राहतात. आपल्याकडे एखादी पतसंस्था बुडाल्यावर तिच्या दारात ठेवीदारांची जी अवस्था होते ती ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला तोट्यावर मर्यादा का हवी हे वेगळे समजवावे लागणार नाही.

तथापि क्लब बुडू नये यासाठीचा नियम आणि स्पर्धा न्याय्य राहावी यासाठीचा नियम या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि लीगने पहिल्याकडून दुसऱ्याचे काम करून घेण्याचा प्रयत्न केला आहे. तोट्याची मर्यादा सर्वांना सारखीच दिसते. परंतु ज्याचे उत्पन्न मोठे त्याचा खर्चही मोठा असू शकतो, आणि तरीही त्याचा तोटा मर्यादेतच राहतो. ओल्ड ट्रॅफर्डवर चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतात, तर बोर्नमथच्या मैदानावर अकरा हजारांच्या थोडे वर; या दोन क्लबांना १०.५ कोटींचा तोटा करण्याची समान मुभा आहे, असे म्हटल्याने त्यांच्यात समानता येत नाही.

शिवाय आज वर असलेले काही क्लब तिथे कसे पोहोचले, तेही लक्षात ठेवले पाहिजे. जॅक वॉकर यांनी आपल्या गावच्या ब्लॅकबर्न क्लबमध्ये स्वतःचा पैसा ओतला आणि १९९५ मध्ये तो विजेता झाला. २००३ मध्ये रोमान अब्रामोविच यांनी चेल्सी घेतला, २००८ मध्ये अबू धाबीच्या मालकांनी मँचेस्टर सिटी घेतला, आणि दोन्ही क्लबांनी मर्यादेचा अडसर नसताना संघ उभे केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने न्यूकॅसलमध्ये ८० टक्के हिस्सा घेतला तेव्हा शिडी काढून घेतलेली होती, आणि मालकाशी संबंधित कंपन्यांकडून येणाऱ्या प्रायोजकत्वावरील नियमही त्यानंतर काही आठवड्यांतच कडक करण्यात आले. एखाद्या देशाच्या तिजोरीने फुटबॉल क्लब चालवावा, हे मला मुळीच पसंत नाही. पण आधी आलेल्याने वापरलेला मार्ग मागून येणाऱ्यासाठी बंद होतो आणि आधीच्याची कमाई मात्र त्याच्यापाशीच राहते, तेव्हा त्या नियमाला न्याय्य म्हणण्यास माझी लेखणी धजत नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र याहून वेगळी आहे, आणि ती हिशेबाच्या पद्धतीतून निर्माण होते. पाच कोटी पौंड देऊन पाच वर्षांच्या करारावर खेळाडू घेतला, तर ती किंमत पुस्तकात एकदम खर्ची पडत नाही. दरवर्षी एक कोटी याप्रमाणे ती कराराच्या मुदतीवर वाटली जाते. दोन वर्षांनी त्याचे पुस्तकी मूल्य तीन कोटी उरते, आणि तेव्हा त्याला तीन कोटींना विकले तर नफा शून्य दिसतो. याउलट आठव्या वर्षी क्लबच्या अकादमीत आलेल्या आणि तिथेच घडलेल्या मुलाचे पुस्तकी मूल्य शून्य असते, त्यामुळे त्याला विकल्यावर मिळणारी संपूर्ण रक्कम त्याच दिवशी नफा म्हणून जमा होते. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नाही. आम्हीही असेच लिहितो. चूक आहे ती या आकड्यावर गुणतक्ता टांगण्यात. अकादमी चालवण्याचा खर्च नियमाच्या गणितातून वगळला जातो, पण अकादमीतल्या मुलाच्या विक्रीचे उत्पन्न मात्र त्या गणितात पुरेपूर धरले जाते. एकाच गोष्टीचा खर्च हिशेबाबाहेर आणि उत्पन्न हिशेबात, अशी रचना एखाद्या सहकारी संस्थेच्या ताळेबंदात आढळली तर कोणताही लेखापरीक्षक तिच्यावर शेरा मारल्याशिवाय राहणार नाही.

याचा परिणाम जून २०२४ च्या अखेरीस उघड दिसला. बहुतेक क्लबांचे हिशेबाचे वर्ष ३० जूनला संपते. मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून न्यूकॅसलने इलियट अँडरसन या मिडफिल्डरला सुमारे साडेतीन कोटी पौंडांना नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकले. हा मुलगा त्याच परिसरातल्या व्हिटली बेचा, लहानपणापासून न्यूकॅसलच्याच अकादमीत वाढलेला. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात खेळला. संघाला तो नको होता म्हणून विकला असे नाही. त्याच्या नावापुढे पुस्तकात शून्य होते, म्हणून विकला. त्याच महिन्यात ॲस्टन व्हिलाने टिम इरोएग्बुनम या तरुणाला एव्हर्टनला दिले आणि एव्हर्टनने लुईस डॉबिन या आपल्या अकादमीतल्या मुलाला व्हिलाला. दोन्ही क्लबांना विक्रीची रक्कम त्याच वर्षी उत्पन्नाच्या बाजूला मांडता आली आणि खरेदीची रक्कम पुढच्या अनेक वर्षांवर वाटता आली. यात नियमाचा भंग नव्हता. नियमाने जे करण्यास भाग पाडले तेच त्यांनी केले, आणि म्हणूनच मला त्याचे अधिक वाईट वाटते.

कोल्हापुरात पेठेतल्या मुलाने पेठेच्या तालमीकडून खेळावे याला जो अर्थ आहे, तोच अर्थ न्यूकॅसलमध्ये टाइन नदीकाठच्या मुलाने काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीत मैदानावर उतरण्याला आहे. आपल्यातला एक जण आत खेळतो आहे, या भावनेवर प्रेक्षक क्लबशी बांधला जातो. ती भावना जपणारा खेळाडूच विक्रीला सर्वांत सोयीचा ठरावा, असा नियम करणाऱ्यांनी पाठीराख्यांचा विचार केला होता, असे मला म्हणवत नाही.

ज्यांच्याकडे वकील आणि मालमत्ता आहेत, त्यांना इतर वाटाही सापडल्या. चेल्सीने जानेवारी २०२३ अखेर एन्झो फर्नांडेझला १०.६८ कोटी पौंडांना घेतले आणि साडेआठ वर्षांचा करार केला. त्यामुळे वर्षाचा भार सव्वा कोटीच्या आसपास आला, जो पाच वर्षांच्या हिशेबाने दोन कोटींच्या वर गेला असता. ही वाट नंतर युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगने कमाल पाच वर्षांची मर्यादा घालून बंद केली. पण त्याच क्लबने स्टेडियमजवळची दोन हॉटेले ७.६५ कोटी पौंडांना आपल्याच समूहातील दुसऱ्या कंपनीला विकली, आणि जून २०२४ मध्ये महिला संघही मूळ कंपनीकडे वर्ग करून सुमारे २० कोटींचा नफा दाखवला. ही पळवाट बंद करण्याचा प्रस्ताव जून २०२४ मध्ये क्लबांपुढे आला तेव्हा आवश्यक १४ मतांऐवजी त्याला ११ च मते मिळाली. युएफाने अशी विक्री उत्पन्न म्हणून धरण्यास नकार दिला आणि जुलै २०२५ मध्ये चेल्सीला एकूण ३.१ कोटी युरोंचा दंड केला. एकाच क्लबचा एकच ताळेबंद लंडनमध्ये ग्राह्य ठरतो आणि स्वित्झर्लंडमध्ये ठरत नाही. मग घरी बसून सामना पाहणाऱ्याने विश्वास कोणावर ठेवायचा? खालच्या विभागात डर्बी कौंटीने आपले स्टेडियम मालकाच्याच कंपनीला विकले होते, तेव्हापासून हा प्रकार सर्वांना ठाऊक होता. प्रीमियर लीगला तो रोखण्यासाठी वर्षे मिळाली होती.

शिक्षेच्या बाबतीत मी अधिक सावधपणे लिहितो, कारण ज्या आयोगांनी निकाल दिले त्यांनी ते मन लावून लिहिले आहेत. एव्हर्टनचा २०२१-२२ अखेरच्या कालावधीतला तोटा १२.४५ कोटी भरला, म्हणजे मर्यादेपेक्षा १.९५ कोटींनी अधिक. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे १० गुण कापले गेले, अपिलानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये ते ६ झाले, आणि एप्रिलमध्ये पुढच्या कालावधीसाठी आणखी २ गुण गेले. नव्या स्टेडियमसाठीच्या कर्जावरील व्याज कसे धरावे हा त्या वादातला एक प्रमुख मुद्दा होता. आता गुणतक्ता उघडून पाहावा. ज्या २०२१-२२ हंगामाअखेर मर्यादा मोडली त्या हंगामात एव्हर्टन ३९ गुणांवर टिकले आणि बर्नली ३५ गुणांवर खालच्या विभागात गेले. हेच ६ गुण त्या हंगामात कापले असते तर एव्हर्टन ३३ वर, म्हणजे बर्नलीच्याही खाली, आले असते. प्रत्यक्षात ते कापले गेले २०२३-२४ मध्ये, जेव्हा एव्हर्टन ४० गुणांवर सहज वाचले. म्हणजे चूक ज्या हंगामात झाली त्याचा तक्ता तसाच राहिला, आणि ज्या हंगामाचा त्या चुकीशी संबंध नव्हता त्याचा तक्ता महिनोन्‌महिने बदलत राहिला. एव्हर्टनच्या प्रेक्षकांनी गुलाबी फलक उंचावून जो निषेध केला तो मी थेट पाहिला. त्यांचा राग मला समजला, पण बर्नलीच्या प्रेक्षकांकडे तर उंचावायला फलकही नव्हता. हिशेब ३१ डिसेंबरपर्यंत मागवून त्याच हंगामात निकाल लावण्याची व्यवस्था लीगने केली. ती सुधारणा मला मनापासून स्वागतार्ह वाटते.

नॉटिंगहॅम फॉरेस्टचे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटते. २३ वर्षांनी वर आलेल्या या क्लबने एका उन्हाळ्यात वीसहून अधिक खेळाडू घेतले, हा उतावीळपणाच होता, आणि दोन हंगाम चॅम्पियनशिपमधले असल्यामुळे त्यांची मर्यादाही ६.१ कोटीच होती. ती त्यांनी ३.४५ कोटींनी ओलांडली. त्यांचा बचाव असा होता की, ब्रेनन जॉन्सन या आपल्याच अकादमीतल्या खेळाडूला ३० जूनपूर्वी कमी किमतीला विकण्याऐवजी त्यांनी थांबून १ सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमला ४.७५ कोटींना विकले, आणि शाश्वततेच्या दृष्टीने अधिक पैसा आणणे हेच शहाणपणाचे होते. आयोगाने हा बचाव मान्य केला नाही व ४ गुण कापले. हिशेब तपासणारा म्हणून मी आयोगाच्या बाजूचा आहे, कारण तारीख ही तारीखच असते. मार्चअखेरचा व्यवहार एप्रिलमध्ये दाखवून चालत नाही. परंतु ज्या नियमाचे पालन करण्यासाठी शेतकऱ्याने पीक भाव येण्यापूर्वीच विकावे लागते, त्या नियमाला ‘शाश्वतता’ हे नाव शोभत नाही.

यानंतर उरतात ते दोन क्लब, ज्यांच्यामुळे सामान्य प्रेक्षकाच्या मनात कायमचा सल राहिला आहे. लेस्टरने मर्यादा २.४४ कोटींनी ओलांडल्याचे पहिल्या आयोगापुढे दिसत असूनही सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलात ते सुटले, कारण ३० जून २०२३ ला त्यांचे वर्ष संपले तेव्हा ते खालच्या विभागात गेलेले होते आणि नियमाचे शब्द त्यांना लागू पडत नव्हते. दोष मसुद्याचा होता. मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभराहून अधिक आरोप ठेवण्यात आले. क्लबने ते सर्व नाकारले आहेत आणि आरोप म्हणजे दोष नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन. पण त्यांची सुनावणी सुरू होण्यास सप्टेंबर २०२४ उजाडला. ज्यांनी आपले आकडे मान्य केले त्यांचा निकाल काही महिन्यांत लागला आणि जिथे प्रत्येक कागदावर वाद आहे तिथे वर्षे लागली. कायद्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे कबुली देणे महाग आणि झगडणे स्वस्त, असा संदेश प्रत्येक क्लबच्या लेखाविभागात पोहोचतो.

मुंबईशी पूर्वी असलेला एक संबंध इथे सांगणे गरजेचे आहे. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीत ६५ टक्के हिस्सा घेतला, आणि २०२०-२१ मध्ये मुंबईने इंडियन सुपर लीगचे शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. त्या लीगमध्ये पगारावरची मर्यादा उत्पन्नाच्या प्रमाणात नव्हती; ती सर्व क्लबांना एकच आकडा म्हणून लागू होती. मालक कितीही धनवान असला तरी छत तेवढेच. ही पद्धत जशीच्या तशी इंग्लंडला लागू करता येणार नाही, कारण तिथले क्लब युरोपभरच्या क्लबांशी खेळाडूंसाठी चढाओढ करतात. तरीही प्रत्येकाला समान आकडा म्हणजे काय, ते आपल्याकडच्या प्रेक्षकाने पाहिलेले आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांपुढे तसाच एक पर्याय आला होता. तळाच्या क्लबला लीगकडून मिळणाऱ्या रकमेच्या पाचपटीपेक्षा अधिक खर्च संघावर कोणीही करू नये, असा तो प्रस्ताव होता. खेळाडूंच्या संघटनेचा त्याला विरोध होता. पगारावर छत येणार असल्याने तो स्वाभाविकही होता. मतदानात ७ क्लब बाजूने, १२ विरोधात आणि एक तटस्थ राहिला. त्याऐवजी १४ विरुद्ध ६ मतांनी जे स्वीकारले गेले ते असे की, २०२६-२७ पासून तोट्याच्या मर्यादेच्या जागी नवा नियम यावा आणि संघावरचा खर्च फुटबॉलमधून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत असावा. युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्यांना युएफाची ७० टक्क्यांची मर्यादा पाळावी लागेलच. हॉटेल विकून आकडा सजवण्याची सोय यात राहत नाही, आणि हिशेब चालू हंगामाचा होणार असल्याने बर्नलीसारखा अन्यायही कमी होईल, हे मान्य केले पाहिजे. पण समतोलाचे गणित करून पाहावे. मँचेस्टर सिटीचे २०२३-२४ चे उत्पन्न ७१.५ कोटी पौंड होते. त्याचे ७० टक्के म्हणजे ५० कोटींहून किंचित अधिक. ज्याचे उत्पन्न समजा १६ कोटी आहे, त्या लहान क्लबला ८५ टक्क्यांनी मिळतात १३.६ कोटी. टक्केवारी लहानाला अधिक उदार असूनही मैदानावर उतरणाऱ्या दोन संघांत ३६ कोटींहून मोठी दरी राहते, आणि आता मालकाने खिशातून पैसे घालून ती कमी करण्याची वाट आधीपेक्षाही अरुंद झाली आहे.

शिवाय नव्या गणितातही खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतून होणारा निव्वळ नफा उत्पन्नाच्या बाजूलाच धरला जाणार आहे, म्हणजे अकादमीतल्या मुलाच्या नावापुढचे शून्य पूर्वीइतकेच मोलाचे राहील. निदान अकादमीत घडलेल्या खेळाडूच्या विक्रीचे उत्पन्न एकाच वर्षात न धरता पाच वर्षांवर वाटावे, जसा विकत घेतलेल्या खेळाडूचा खर्च वाटला जातो, एवढी एक दुरुस्ती लीगने केली तर मी आजच्या दोन गुणांत तिसरा आनंदाने जोडेन. वर्गणी मी या वर्षीही भरली आहे. मोसम संपल्यावर जूनच्या शेवटच्या आठवड्यात कोणत्या क्लबातून कोणता गावचा मुलगा बाहेर पडतो, याची यादी मी याही वर्षी ठेवणार आहे.